काष्ठातील पूर्वज : विदर्भातील आदिवासींचे स्मृतिस्तंभ आणि यवतमाळ जिल्ह्यातील पूर्वजसंकल्पना

सारांश : मृत व्यक्तीची कोरीव काष्ठप्रतिमा उभारून तिला पूर्वजांच्या मेळ्यात स्थान देण्याची प्रथा मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत आढळते. विदर्भात मेळघाटातील कोरकूंचा 'मुंडा' हे या प्रथेचे ठळक उदाहरण होय. याउलट यवतमाळ जिल्ह्यातील गोंड समाजात पूर्वज व्यक्तिगत प्रतिमेत न राहता कुळाच्या पेर्सापेनात विलीन होतो. प्रस्तुत लेखात या दोन रीतींची ओळख करून देऊन त्यांतील भेद स्पष्ट केला आहे. स्मृतिस्तंभांना 'आदिवासी कला' म्हणून उचलून नेण्याने निर्माण होणारे प्रश्न, त्यासंबंधीची कायद्याची स्थिती आणि महाविद्यालयीन अध्यापकांनी नोंदी करताना पाळावयाची पथ्ये यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : स्मृतिस्तंभ, मुंडा, सिडोली, पेर्सापेन, वीर, कोरकू, गोंड, कोलाम, ग्रामसभा.

१. प्रस्तावना

पूर्वजाची प्रतिमा करून ती पूजणे ही गोष्ट मराठी माणसाला सर्वस्वी अपरिचित नाही. अनेक घरांच्या देव्हाऱ्यात कुलदैवतांच्या टाकांबरोबर घराण्यातील वीराचाही टाक असतो. नाशिक परिसरात धुलिवंदनाच्या दिवशी हे वीर वाजतगाजत नदीवर नेले जातात. गावाच्या शिवेवर किंवा देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ तर महाराष्ट्रभर विखुरलेले आहेत. गेलेला माणूस पूर्णपणे गेलेला नसतो, योग्य विधी झाला म्हणजे तो घराच्या पाठीशी उभा राहतो, ही श्रद्धा या सर्वांच्या मुळाशी आहे. आदिवासींच्या कोरीव काष्ठप्रतिमांकडे पाहताना हे सामान्य अधिष्ठान प्रथम लक्षात घ्यावयास हवे; अन्यथा त्या प्रतिमा 'विचित्र', 'आदिम' किंवा केवळ 'शोभिवंत' वाटू लागतात.

यवतमाळ जिल्हा या विषयाच्या दृष्टीने विचारप्रवर्तक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या २७,७२,३४८ लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअठरा टक्के आहे. गोंड, परधान, कोलाम आणि आंध या येथील प्रमुख जमाती. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलामांचे पोड विखुरलेले आहेत. जिल्हा सागाच्या जंगलासाठी प्रसिद्ध आहे. लाकूड विपुल, आदिवासी वस्ती मोठी. मग येथे पूर्वजांच्या कोरीव काष्ठप्रतिमा घरोघरी असतील, असे अनुमान सहज केले जाते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात अशी परंपरा आहेही. यवतमाळच्या गोंडांकडे मात्र पूर्वजांच्या उपासनेचे केंद्र निराळ्याच वस्तूंत आहे. हा भेद का आहे आणि त्यातून काय शिकावे, हे समजावून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२. स्मृतिस्तंभाचे प्रयोजन

स्मृतिस्तंभ म्हणजे थडग्यावरील खूण, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रॉबेर हर्ट्झ यांनी १९०७ मध्ये मृत्युविधींवरील आपल्या निबंधात एक मूलभूत गोष्ट दाखवून दिली. अनेक समाजांत मृत्यू ही एका क्षणात संपणारी घटना नसते. देहाची विल्हेवाट लागल्यानंतर मृताचा आत्मा काही काळ मधल्या अवस्थेत राहतो. तो घरात नसतो आणि पूर्वजांतही नसतो. या काळात तो आप्तांना धोकादायक ठरू शकतो. पुढे केव्हातरी दुसरा, मोठा विधी होतो आणि त्याने आत्मा पूर्वजांत स्थिर होतो. व्हान जेनेप यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या 'संक्रमणविधी' या संकल्पनेचा रोखही असाच आहे.

आदिवासींचा काष्ठस्तंभ बहुधा या दुसऱ्या विधीशी जोडलेला असतो. तो देह कोठे पुरला हे सांगत नाही. भटकणारा आत्मा आता ठिकाणावर आला, हे सांगतो. म्हणूनच पुष्कळदा स्तंभ पुरण्याच्या जागेपासून दूर, गावाबाहेर एखाद्या झाडाखाली उभारला जातो. स्तंभ उभारल्यानंतर वारसांचे ऋण फिटते, सोयऱ्यांना जेवण दिले जाते आणि घर पुन्हा लग्नकार्यादी व्यवहारास मोकळे होते. प्रतिमा कोरणे हा या साखळीतील एक दुवा आहे. साखळीपासून तोडून तो पाहिला तर त्याचा अर्थ हरवतो.

३. मेळघाटातील मुंडा

कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा गटाची भाषा बोलणारी जमात. या गटाच्या भाषा प्रामुख्याने झारखंड आणि ओडिशाकडे बोलल्या जातात. त्यांतील अगदी पश्चिमेकडची भाषा कोरकू होय. महाराष्ट्रात या जमातीची मुख्य वस्ती अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत आहे, तर सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातही ती मोठ्या संख्येने आहे.

कोरकूंच्या उत्तरक्रियेचे सविस्तर वर्णन आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात आढळते. कोरकू मृताला पुरतात. त्यानंतरचा मोठा विधी 'सिडोली' किंवा 'फुलजागनी' या नावाने ओळखला जातो. तो मृत्यूनंतर चार महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंत केव्हाही करता येतो, अशी नोंद या ग्रंथात आहे. एवढी मोठी मुदत असण्याचे कारण व्यवहारातले आहे. जेवणाचा खर्च मोठा असतो आणि सोयरेधायरे दूरवर असतात. चांगले पीक हाती आल्याखेरीज हा विधी पार पाडणे साध्या कुटुंबाला झेपत नाही. त्यामुळे काही वेळा अनेक मृतांचा विधी एकत्र केला जातो.

या विधीसाठी लाकडाचा 'मुंडा' तयार करतात. रसेल-हिरालाल यांच्या वर्णनानुसार त्यावर सूर्य, चंद्र, कोळी आणि मानवी कान यांची चिन्हे कोरलेली असतात. त्यांच्या खाली, ज्याच्यासाठी मुंडा उभारला जातो त्या प्रमुख मृताची घोड्यावर बसलेली, हाती शस्त्र घेतलेली आकृती असते. प्रत्येक मृतासाठी स्वतंत्र मुंडा असावा ही योग्य रीत. परंतु गरीब कुटुंबे एकाच मुंड्यावर पाच-सहा मृतांना स्थान देतात आणि प्रमुखाच्या खाली इतरांच्या आकृती कोरून घेतात. कोरीव काम खोल नसते. पार्श्वभूमी तासून आकृती किंचित उचललेली ठेवतात. चेहऱ्याचे साम्य साधण्याचा प्रयत्न केलेला नसतो.

साम्याचा हा अभाव कारागिराचे उणेपण समजण्यात येतो. वास्तविक येथे साम्याची गरजच नसते. ज्याचा विधी आहे त्याचे नाव घेऊन, त्याच्यासाठी बळी व अन्न अर्पण करून मुंडा उभारला जातो. तो कोणाचा आहे हे घरच्यांना ठाऊक असते. मृताने आपले व्यक्तिगत रूप टाकून 'पूर्वज' हे सामान्य रूप धारण करावे, हेच तर विधीचे उद्दिष्ट. एकसारखे घोडेस्वार त्या उद्दिष्टाशी सुसंगतच आहेत.

सागाचे लाकूड निवडण्यामागेही अनुभव आहे. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र लवकर किडते. गाभ्याचा मुंडा उघड्यावर अनेक पावसाळे टिकतो, तरीही तो शाश्वत नसतो. पावसाने रेषा पुसट होतात, लाकूड फाटते, बुंधा कुजतो. ज्या पिढीने तो उभारला ती पिढी संपेपर्यंत बहुधा तोही मातीला मिळतो. दगड उपलब्ध असताना लाकूड वापरणाऱ्या समाजाला स्मृती अनंत काळ टिकवायची होतीच असे गृहीत धरता येत नाही.

४. घोडेस्वार, सूर्य आणि चंद्र

मुंड्यावरील सूर्यचंद्र आणि घोडेस्वार ही चिन्हे वीरगळांच्या अभ्यासकास परिचित आहेत. वीरगळावर खालच्या चौकटीत युद्ध अथवा गोधन सोडविण्याचा प्रसंग, मधल्या चौकटीत अप्सरांनी वीरास स्वर्गात नेणे, वरच्या चौकटीत वीर शिवलिंगाची पूजा करीत असलेला आणि माथ्यावर सूर्यचंद्र अशी रचना सामान्यतः असते. सूर्यचंद्राचा अर्थ तेथे 'आचंद्रार्क', म्हणजे सूर्यचंद्र असेपर्यंत ही कीर्ती राहो, असा घेतला जातो.

या साम्यावरून मुंडा हा वीरगळाचे आदिवासी अनुकरण होय, असा निष्कर्ष घाईने काढला जाण्याचा संभव आहे. त्यास दोन कारणांनी मर्यादा पडतात. पहिले कारण असे की, वीरगळ विशिष्ट मृत्यूचे स्मारक आहे. लढताना किंवा गाईगुरांचे रक्षण करताना पडलेल्याचाच तो उभारतात. मुंडा हा नैसर्गिक मृत्यू आलेल्या सामान्य माणसाचाही असतो. दुसरे असे की, कोळी आणि कान ही चिन्हे वीरगळांच्या नेहमीच्या रचनेत बसत नाहीत. ती कोरकूंच्या स्वतःच्या कल्पनाविश्वातून आलेली असावीत. चिन्हे घेतली गेली असली तरी ती वेगळ्या कामाला लावली गेली आहेत, इतकेच सुरक्षितपणे म्हणता येईल.

घोड्याबाबतही हीच सावधगिरी हवी. डोंगराळ भागातील कोरकू शेतकऱ्याच्या दारी घोडा असणे हे नित्याचे नव्हते. घोडा हे राजेराजवाड्यांच्या प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून आले, असे एक स्पष्टीकरण देता येते. मृताच्या प्रवासाचे वाहन म्हणून आले, असे दुसरे. दोन्ही परस्परविरोधी नाहीत. उत्तर कोकणापासून दक्षिण गुजरातपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात, जव्हार, मोखाडा, सुरगाणा, डांग या भागांत, वारली, कोकणा, महादेव कोळी इत्यादी समाजांचे लाकडी 'वीर' आढळतात. त्यांवरही सूर्यचंद्राखाली घोडेस्वार असतो. भाषा, कुळ आणि भूगोल भिन्न असूनही चिन्ह एकच राहते, यावरून ते या संपूर्ण पट्ट्यात सन्मानाची सर्वमान्य खूण बनले होते, असे दिसते.

पूर्वेकडे गेल्यास चित्र पुन्हा बदलते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसरातील माडिया मृतांसाठी दगड उभे करतात. शेजारच्या बस्तरमध्ये दगडांबरोबरच कोरीव लाकडी स्तंभांचीही परंपरा होती. व्हेरिअर एल्विन यांनी १९४० च्या दशकात बस्तरच्या मृत्युविधींवर लिहिताना आणि १९५१ मध्ये मध्य भारतातील आदिवासी कलेवरील ग्रंथात तिची दखल घेतली. आज तेथील पुष्कळ स्मारके दगडाची किंवा सिमेंटची असून त्यांवर तैलरंगाने चित्रे काढलेली असतात. मृताच्या आवडीनिवडीनुसार त्यांत मोटारसायकल, बस, विमान असेही विषय दिसतात. माध्यम बदलले, चिन्हे बदलली. परंतु मृताला मानाने स्थिर करण्याचे काम चालूच राहिले. हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

५. यवतमाळचे गोंड : प्रतिमेविना पूर्वज

यवतमाळच्या दक्षिणेला पैनगंगा नदी आहे. तिच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबादचा प्रदेश. प्रशासकीय सीमा असली तरी दोन्ही काठांवरील गोंड, परधान व कोलाम यांचे सोयरसंबंध आणि यात्रा एक आहेत. आदिलाबादजवळील केसलापूर येथे पौष अमावास्येला भरणाऱ्या नागोबाच्या यात्रेला यवतमाळकडील मेश्राम कुळाची कुटुंबेही जातात. लग्न होऊन कुळात आलेल्या नव्या सुनांची तेथे देवाशी 'भेट' घडविली जाते. त्यामुळे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून केलेल्या नोंदी यवतमाळच्या अभ्यासकालाही उपयोगी पडतात. मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी यांनीही हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबादच्या गोंडांविषयी लेखन केले आणि गोंडी व कोलामी या भाषांची व्याकरणे लिहिली.

या नोंदींनुसार गोंड समाज सगांमध्ये विभागलेला आहे. सात देवे, सहा देवे, पाच देवे आणि चार देवे अशी त्यांची ओळख असून विवाह सगाबाहेरच होतो. प्रत्येक कुळाचा 'पेर्सापेन', म्हणजे मोठा देव, असतो. त्याचे स्वरूप मानवी मूर्तीचे नसते. भाल्याचे लोखंडी पाते आणि चवरीचे केस ही त्याची प्रमुख चिन्हे. ती वस्तीबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवतात आणि सणाच्या वेळी बाहेर काढतात. कुळाचा पुजारी 'कटोडा' पूजा करतो. परधान किंगरी वाजवून कुळाच्या उत्पत्तीची आणि देवाच्या प्रवासाची कथा गातो.

पूर्वज या व्यवस्थेत कोठे आहे? गोंड विचारात माणसाचा 'जीव' आणि मृत्यूनंतर उरणारे त्याचे व्यक्तित्व, म्हणजे 'सनाल', यांत भेद केला जातो. पेर्सापेनाच्या उत्सवात, मागील उत्सवानंतर मरण पावलेल्या कुळातील व्यक्तींसाठी विधी करून त्यांना कुळदेवाच्या सहवासात पोहोचविले जाते. मेळघाटात जे काम सिडोली करते, तेच येथे पेर्सापेनाच्या उत्सवात होते. फरक इतकाच की, कोरकूंचा मृत स्वतःचा स्तंभ मिळवितो आणि गोंडांचा मृत कुळाच्या एकाच चिन्हात सामील होतो. पहिल्या रीतीत पूर्वजांची संख्या वाढली की लाकडी आकृती वाढतात. दुसऱ्या रीतीत आकृती वाढत नाहीत. वाढते ते परधानाच्या कथेने आणि कुळातील वृद्धांच्या आठवणीने जपलेले नाते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कोरीव प्रतिमा नसणे म्हणजे कलेचा किंवा पूर्वजभक्तीचा अभाव नव्हे. येथे स्मृतीचे माध्यम लाकूड नसून आवाज आहे. किंगरीवरचे गायन, कटोड्याचे मंत्र, चवरीचे डोलणे यांतून पूर्वज उपस्थित होतो. पदार्थरूप वस्तूंचीच गणना करणारे सर्वेक्षण मेळघाटाला 'समृद्ध' आणि यवतमाळला 'रिकामे' ठरवील. ते सर्वेक्षणाच्या पद्धतीचे वैगुण्य असेल, जिल्ह्याचे नव्हे.

कोलामांचा उल्लेखही येथे आवश्यक आहे. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित म्हणून निश्चित केलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी कोलाम ही एक. कातकरी आणि माडिया गोंड या अन्य दोन. कोलामी ही द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा असून एम. बी. एमेनो यांचा तिच्यावरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. भीमायक हा कोलामांचा प्रमुख देव. जमिनीवर आणि जंगलावर सत्ता असणाऱ्या स्थानिक देवतांची शांती करण्याचा अधिकार कोलामांचा आहे, असे गोंड मानतात. म्हणून गोंडांच्या गावांतही अशा पूजेसाठी कोलाम पुजाऱ्यास बोलावले जाते. भूमीशी नाते सांगणारा पुजारी एका जमातीचा, कुळाची कथा सांगणारा दुसऱ्या जमातीचा आणि देव तिसऱ्याचा, अशी ही परस्परावलंबी रचना आहे. तिच्यातील एक घटक निखळला तरी पूर्वजांशी असलेला संवाद खुंटतो. परधानाच्या घरात किंगरी शिकणारा मुलगा उरला नाही, तर गोंड कुळाची स्मृती हरवते. ही हानी मुंडा चोरीस जाण्याइतकीच मोठी आहे; फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

६. स्तंभ 'कलावस्तू' होतो तेव्हा

विसाव्या शतकात आदिवासी काष्ठशिल्पाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९४७ मध्ये बिहारमधील अहिरांच्या वीर कुअर या उभ्या काष्ठप्रतिमांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यांकडे आधुनिक शिल्पकलेच्या नजरेने पाहिले. पुढे एल्विन यांच्या ग्रंथाने मध्य भारताकडे लक्ष वेधले. १९८२ मध्ये भोपाळला भारत भवन सुरू झाल्यावर आदिवासी कलावंत समकालीन कलावंतांच्या शेजारी बसले. या बदलाने आदिवासी निर्मितीला प्रतिष्ठा मिळाली, हे निर्विवाद आहे. परंतु त्याचबरोबर जुन्या स्तंभांना बाजारात किंमतही आली. जो मुंडा कालपर्यंत झाडाखाली निर्धास्त उभा होता, तो आता कोणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेल असा झाला.

अशा स्थलांतराचे परिणाम काय होतात, याचे बोधप्रद उदाहरण पूर्व आफ्रिकेतील केनियाच्या किनाऱ्यावर मिळते. तेथील मिजिकेंदा लोक गोहू नावाच्या मंडळाच्या दिवंगत सदस्यांसाठी कोरीव लाकडी स्तंभ उभारतात. त्यांना 'विगांगो' म्हणतात. ते हलविल्यास घरावर संकटे येतात, अशी श्रद्धा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे स्तंभ चोरून विकले गेले आणि अमेरिकेतील संग्रहालयांत पोहोचले. एका मानवशास्त्रज्ञ संशोधिकेने १९८५ मध्ये एका कुटुंबप्रमुखाचे त्याच्या भावांच्या दोन स्तंभांसह छायाचित्र घेतले होते. त्यानंतर लवकरच ते स्तंभ नाहीसे झाले. पुढे त्या छायाचित्राच्या आधारेच ते अमेरिकेतील दोन संग्रहालयांत ओळखले गेले आणि २००७ मध्ये केनियाला परत आले. डेन्व्हर येथील निसर्ग व विज्ञान संग्रहालयाने २०१४ मध्ये तीस विगांगो परत करण्याचे जाहीर केले; ते प्रत्यक्ष परत जाण्यास आणखी काही वर्षे लागली.

या घटनेतून दोन धडे मिळतात. वस्तू कोणाची आणि कोठली याची एक साधी नोंद तिच्या परतीचा मार्ग मोकळा करू शकते. आणि ज्यांच्याकडे अशी नोंद नाही त्यांची वस्तू, सापडली तरी, परत जाण्यास ठिकाण उरत नाही. 'मध्य भारत, लाकूड, विसावे शतक' एवढ्याच चिठ्ठीसह काचेच्या कपाटात उभा असलेला मुंडा कोणत्या गावचा, कोणत्या कुळाचा, हे सांगता येत नसेल, तर तो विधीच्या दृष्टीने पुन्हा भटकणारा आत्माच झाला.

याचा अर्थ संग्रहालये नकोत असा नाही. नागपूरचे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, पुण्याची १९६२ मध्ये स्थापन झालेली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, भोपाळचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय यांसारख्या संस्थांमुळेच आदिवासींच्या भौतिक संस्कृतीचे दर्शन सर्वसामान्यांस घडते. प्रश्न जपणुकीचा नाही; तो संमतीचा आणि नोंदीचा आहे.

७. कायद्याची चौकट

स्मृतिस्तंभांना कायद्याचे संरक्षण किती? पुरावशेष व बहुमोल कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शिल्पाला पुरावशेष ठरण्यासाठी ते किमान शंभर वर्षे जुने असावे लागते. उघड्यावरचे लाकूड एवढा काळ क्वचितच टिकते. परिणामी दगडी वीरगळ या व्याख्येत येतो आणि त्याच भावनेने उभारलेला मुंडा बहुधा बाहेर राहतो. कायद्याने टिकाऊपणाला महत्त्व दिले आणि ज्या समाजाने नश्वर माध्यम निवडले त्याची वस्तू संरक्षणाबाहेर पडली.

लाकूड मिळविणे हीदेखील अडचण आहे. महाराष्ट्रातील वृक्षतोड नियमन अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग आहे. राखीव वनातील तोडीवर भारतीय वन अधिनियम, १९२७ चे निर्बंध आहेत. वन हक्क अधिनियम, २००६ ने गौण वनोपजावर मालकी दिली, परंतु इमारती लाकूड त्या व्याख्येबाहेर ठेवले. पूर्वजाच्या विधीसाठी लागणारा एक ओंडका हा व्यापार नव्हे. तरी त्याचा वेगळा विचार व्हावयाचा असेल, तर निस्तार आणि अन्य पारंपरिक हक्कांविषयीच्या तरतुदींचा आधार घेऊन ग्रामसभेनेच तशी मागणी नोंदविणे हा मार्ग उरतो.

ग्रामसभेला तसा अधिकार आहे. पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६, म्हणजे 'पेसा', याने लोकांच्या परंपरा, रूढी व सांस्कृतिक ओळख यांचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम असल्याचे मान्य केले आहे. धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. यवतमाळ जिल्ह्यातीलही काही तालुक्यांतील गावे त्यात येतात. वन हक्क अधिनियमाच्या पाचव्या कलमानेही ग्रामसभेला सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. स्मृतिस्तंभांची जागा, पेर्सापेनाचे ठाणे, देवराई यांची नोंद ग्रामसभेच्या ठरावात झाली, तर पुनर्वसन किंवा भूसंपादनाच्या वेळी त्यांचे अस्तित्व नाकारता येणार नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील गावांचे पुनर्वसन आणि यवतमाळ जिल्ह्यातील निम्न पैनगंगा प्रकल्पाचे प्रस्तावित बुडीत क्षेत्र यांचा विचार केला म्हणजे ही नोंद का तातडीची आहे, ते ध्यानात येते. घर आणि शेत यांचे मूल्य पंचनाम्यात धरले जाते. पूर्वजांच्या जागेसाठी पंचनाम्यात रकाना नसतो.

८. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी

मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विभागांतर्फे आदिवासी गावांना अभ्याससहली काढल्या जातात. काही महाविद्यालयांत छोटे वस्तुसंग्रहही उभे राहतात. हेतू चांगला असला तरी पद्धत चुकल्यास हानी होते. म्हणून काही पथ्ये सुचविता येतील.

(१) विधीसाठी उभारलेला कोणताही स्तंभ, मोडकळीस आलेला असला तरी, हलवू नये. लाकूड कुजून मातीत जाणे हा त्याच्या आयुष्याचाच भाग असू शकतो.

(२) संग्रहासाठी नमुना हवा असल्यास कोरणाऱ्या कारागिराकडून योग्य मोबदला देऊन नवा करून घ्यावा. त्याच्यावर विधी झालेला नसतो, म्हणून तो नेण्यास हरकत राहत नाही आणि कारागिरीलाही आधार मिळतो.

(३) छायाचित्र घेण्यापूर्वी कुटुंबाची व गावाची संमती घ्यावी. पेर्सापेनासारखी चिन्हे सर्वांनी पाहावयाची नसतात, हे ध्यानात ठेवावे.

(४) नोंदीत गाव, कुळ, लाकडाची जात, उभारणीचे साल, विधीचे स्थानिक नाव आणि प्रत्येक चिन्हाला लोक देत असलेला अर्थ लिहावा. अर्थ सांगितला गेला नसेल, तर तो आपल्याकडून घालू नये.

(५) नोंदीची एक प्रत ग्रामसभेकडे द्यावी. केनियातील उदाहरणावरून तिचे महत्त्व स्पष्टच आहे.

(६) वस्तूंबरोबर आवाजाचीही नोंद करावी. यवतमाळ जिल्ह्यात तर परधानांच्या किंगरीवरील कथागायनाचे ध्वनिमुद्रण हे काष्ठशिल्पाच्या छायाचित्रांपेक्षा अधिक निकडीचे आहे. गोंडी व कोलामी बोलणारे विद्यार्थी वर्गात असतील, तर हे काम त्यांच्या पुढाकाराने आणि त्यांच्या नावाने व्हावे.

९. समारोप

कोरीव काष्ठप्रतिमा हे पूर्वजांना स्थान देण्याचे एक साधन आहे, एकमेव नव्हे. कोरकूंनी सागाच्या मुंड्यावर सूर्यचंद्राखाली घोडेस्वार कोरला, बस्तरच्या स्मारकांवर मोटारसायकल आली, यवतमाळच्या गोंडांनी कुळातील सर्व मृतांना भाल्याच्या पात्यात आणि चवरीत सामावून घेतले. माध्यमे निराळी असली तरी प्रश्न एकच आहे : गेलेल्या माणसाशी उरलेल्यांचे नाते कसे राखावे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाजाने आपल्या हाताशी असलेल्या सामग्रीतून दिले. त्या उत्तराचा अभ्यास करताना सामग्री उचलून आणणे सोपे असते. नाते समजून घेणे अवघड असते. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वर्गांत त्याच पूर्वजांचे वारस विद्यार्थी म्हणून बसलेले आहेत. त्यामुळे हे अवघड काम करण्याची संधी अन्य कोणापेक्षाही येथील अध्यापकांस अधिक आहे, आणि जबाबदारीही.